ऊसतोड कामगारांच्या मजुरीबाबत सामाजिक न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती मंडळीचा सभासद आणि ऊस उत्पादक शेतकरी आहे. ऊसतोड कामगारांसाठीचे कल्याण महामंडळ आपल्या खात्याच्या अखत्यारीत येते, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस कारखान्याला घातल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला त्याचे बिल मिळाले पाहिजे. या हक्कासाठी आमच्या जिल्ह्याने वर्षानुवर्षे आंदोलने केली, आणि ती रास्तच होती. मात्र त्याच उसावर कोयता चालवणाऱ्यांच्या मजुरीचा हिशोब मुकादमाच्या, म्हणजे टोळी आणणाऱ्या कंत्राटदाराच्या, वहीत असतो आणि ती वही कामगाराला क्वचितच पाहायला मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीसाठी एकच जोडी, धरली जाते. बाईची मजुरी त्यातच जिरते आणि तिच्या नावावर काहीच लागत नाही. हंगामाआधी घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते, आणि आजारपणातही खाडा झाला तर दंड कापला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी 2019 मध्ये शासनाला श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, यावरून या व्यवस्थेत शरीराची काय किंमत मोजली जाते हे दिसते.

आमच्या पवित्र शास्त्रात या प्रश्नावर संदिग्धता नाही. मजूर आपल्या लोकांपैकी असो वा परका, त्याची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो, अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा आहे. आणि शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवापुढे ओरडते, असे याकोब आपल्या पत्रात श्रीमंत जमीनदारांना बजावतो. कापणीच्या सणाला वेदीपुढे ऊस आणून उपकारस्तुती करणाऱ्या आम्हा शेतकऱ्यांना ही वचने थेट लागू पडतात.

या संदर्भात मला पवित्र शास्त्रातील नहेम्याचा वृत्तांत विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण तो स्वतः यहूदाचा प्रांताधिकारी होता. दुष्काळ आणि राजाचा कर यांमुळे लोकांनी शेते गहाण टाकली होती, मुलामुलींना दास्यात द्यावे लागले होते, आणि सावकार त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्याने मोठी सभा भरवून सरदारांना जाब विचारला, आपण व आपली माणसेही कर्ज देतो हे तेथेच उघडपणे सांगितले, शेते व घरे परत करायला लावली आणि याजकांसमोर शपथ घेववली. न्यायाची सुरुवात आपल्या घरापासून व्हावी आणि त्याला अधिकाऱ्याने जाहीर बंधनाचे रूप द्यावे, हा क्रम मला आजही योग्य वाटतो.

म्हणून आमच्या मंडळीतील ऊस उत्पादकांपुढे मी असा प्रस्ताव ठेवला आहे की, आपल्या शेतात टोळी आली की पिण्याचे पाणी, बायकांसाठी आडोशाची शौचाची सोय आणि तान्ह्या मुलांसाठी सावली देणे हे प्रत्येकाने आपले कर्तव्य मानावे, आणि टोळ्यांच्या मुलांसाठी मंडळीचे सभागृह दिवसा खुले ठेवावे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले तेव्हापासून मिशनने येथे शाळा काढल्या. तो वारसा सांगणाऱ्यांनी फडातली मुले हंगामभर अक्षरांपासून दूर राहू देणे शोभत नाही.

परंतु मजुरीचा हिशोब आमच्या सद्भावनेने सुटणारा नाही. महामंडळाने नवरा आणि बायको यांची स्वतंत्र नोंद करून प्रत्येकाला ओळखपत्र द्यावे, बाईची मजुरी तिच्याच बँक खात्यात जमा करणे कारखान्यांवर बंधनकारक करावे, आणि उचलीचा करार लेखी करून त्याची एक प्रत कामगाराकडे व एक महामंडळाकडे राहील अशी व्यवस्था करावी. खुशालीच्या, म्हणजे ऊस तोडण्यासाठीच्या वरकड बक्षिशीच्या, नावाने शेतकऱ्याकडून पैसे घेतले जातात, उचल घेऊन मुकादम पसार होतो आणि वाहतूकदार कर्जात बुडतो, या तक्रारीही खऱ्या आहेत; लेखी नोंद झाली तर त्यांनाही आळा बसेल. जिथे बाकीच्या नावाखाली कुटुंबाला अडकवून ठेवले जाते, तिथे 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागू करण्यास जिल्हा प्रशासनाने कचरू नये.

येत्या गाळप हंगामापूर्वी कोल्हापुरात कामगार, मुकादम, कारखाने आणि शेतकरी यांची एकत्र बैठक आपण बोलवावी, ही विनंती. त्या बैठकीस आमच्या मंडळीतील ऊस उत्पादक उपस्थित राहावेत, यासाठी मी प्रयत्न करीन.

आपला विश्वासू,
एक ख्रिस्ती ऊस उत्पादक, कोल्हापूर