फुफ्फुसातील बुरशी : मधले मार्गही सांगावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळण्यात आयुष्य गेलेल्या निपाणीतील पिढीत क्षयातून बरी झालेली माणसे पुष्कळ आहेत. मात्र क्षयाने फुफ्फुसात मागे ठेवलेल्या पोकळीत कित्येक वर्षांनी अ‍ॅस्परजिलस या बुरशीचा गोळा वाढू शकतो, हे माझ्या थोरल्या काकांना रक्ताची गुळणी येईपर्यंत आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. थुंकीत जंतू सापडले नसतानाही त्यांना पुन्हा क्षयाच्याच गोळ्या सुरू झाल्या आणि सीटी स्कॅनमध्ये बुरशीच्या गोळ्यावरची चंद्रकोरीसारखी हवेची रेघ दिसेपर्यंत तीन महिने गेले.

गोळ्यासह फुफ्फुसाचा तो खंड काढणे हा मुळावरचा इलाज खरा. पण ३८ किलो वजनाच्या, चार पायऱ्या चढताना धापा टाकणाऱ्या माणसाला तो झेपणारा नव्हता. एका मोठ्या रुग्णालयाने ‘ऑपरेशन होणार नाही, घरी न्या’ एवढ्यावर आमची बोळवण केली. जांघेतील धमनीतून नळी नेऊन रक्तस्राव होणारी वाहिनी बुजवता येते, हे आम्हाला दुसरीकडे कळले. त्याने रक्त थांबले, पण गोळा जागच्या जागी राहतो आणि काही महिन्यांनी रक्त पुन्हा येऊ शकते. काकांना ते आलेच. मग बरगडीचा तुकडा काढून पोकळी बाहेरून उघडली, गोळा काढला आणि जखम काही महिने उघडीच ठेवली. अंगात थोडी ताकद आल्यावर पाठीचा स्नायू वळवून ती भरण्यात आली. तोवर काकू रोज सकाळी ड्रेसिंग बदलत. काका खोकले की जखमेतून फुसकन हवा येई. पहिल्या दिवशी काकू भिंतीला टेकून खालीच बसल्या. हा मार्ग सुखाचा नाही, हे मुद्दाम लिहितो.

इट्राकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाच्या गोळ्यांनी आजार आटोक्यात राहण्यास मदत होते, पण बुरशीचा गोळा सहसा विरघळत नाही. शिवाय क्षयावरील रिफाम्पिसिन सोबत चालू असेल, तर त्यांचा परिणाम फारसा उरत नाही.

क्षय होऊन गेलेल्या माणसाच्या थुंकीतून रक्त आल्यास बुरशीची रक्ततपासणीही करावी आणि रुग्ण अशक्त असला तरी हे सर्व पर्याय, त्यांतील धोक्यांसह, घरच्यांना कळेल अशा मराठीत सांगावेत, अशी सीमाभागातील डॉक्टरांना विनंती आहे. संमतिपत्रावरील कानडी-इंग्रजी मजकूर काकूंना वाचता येत नव्हता. अंगठा तेवढा त्यांचा होता.

आपला,
एक वाचक, निपाणी