तोरा बोरानंतर तिथे काय काम होतं?

संपादक महोदय,

रविवारच्या अंकात एका वाचकाचं पत्र होतं की ९/११ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेपुढे अफगाणिस्तानवर हल्ला सोडून पर्यायच नव्हता. अर्धं पटलं, अर्धं नाही.

हल्ल्यामागच्या ओसामा बिन लादेनला द्या म्हटलं, तिथे राज्य करणाऱ्या तालिबानने दिला नाही, जवळपास तीन हजार माणसं गेलेली, मग ७ ऑक्टोबर २००१ ला बॉम्ब टाकायला सुरुवात केली यात मला तरी काही गैर वाटत नाही. आणि तालिबानचा पुळका मला बिलकुल नाही, १९९९ च्या डिसेंबरात आपलं अपहरण झालेलं विमान त्यांच्या कंदहारला उभं होतं आणि अतिरेकी मसूद अझरला सोडायला लागलं ते अजून विसरलो नाहीये.

पण डिसेंबर २००१ मध्ये अफगाणिस्तानातल्या तोरा बोराच्या डोंगरातून ओसामा निसटला, तिथेच परत बसून विचार करायला हवा होता ना? ते राहिलं बाजूला, अमेरिकन तिथेच ठाण मांडून बसले आणि वर २००३ ला इराकमध्ये घुसले, ज्याचा ९/११ शी काही संबंध नव्हता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शेवटी ओसामा मिळाला तो अबोटाबादला, पाकिस्तानच्या मिलिटरी अकॅडमीच्या जवळ, आणि त्यासाठी रणगाडे नाही लागले, त्याच्या कुरिअरचा माग काढत बसलेली चिकट माणसं लागली आणि हेलिकॉप्टरमधून उतरलेले थोडे कमांडो.

आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा एक अफगाण मुलगा भाड्याने राहायचा, पुण्यात शिकायला अशी बरीच येतात. २०२१ चा १५ ऑगस्ट, आम्ही खाली झेंडावंदन करून जिलेबी वाटतोय आणि हा जिन्यात बसून घरी फोन लावतोय, लागतच नव्हता. सकाळीच जलालाबाद तालिबानच्या हाती गेल्याची बातमी आलेली, रात्रीपर्यंत काबूलही गेलं. जिलेबीची प्लेट पायरीवर तशीच. नंतर एकदा मी त्याला म्हटलं, अमेरिकेने तुमची वाट लावली, तर म्हणाला, काका, बहीण शाळेत गेली ती त्यांच्यामुळेच. मला काही बोलता आलं नाही. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना युनिव्हर्सिटीची दारंच बंद केली, म्हणजे ते पण टिकलं नाही.

पुढच्या वेळी या विषयावर पत्रं छापाल तेव्हा इथल्याच एखाद्या अफगाण मुलाला पण लिहायला सांगा. आमचा तो तरी मराठी बरं बोलायचा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे