जुन्या थाटाचा फोटो काढा, पण त्याच्या मागे आजची तारीख लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सध्या आपल्या इंदूरात लग्न असो, डोहाळजेवण असो नाहीतर गणपतीचा कार्यक्रम, नऊवारी नेसून, नथ घालून, लाकडी खुर्चीत बसून जुन्या काळासारखा तपकिरी फोटो काढायचं फार चाललंय. मला ते आवडतं हे आधीच सांगते. राजवाड्यासमोर, कृष्णपुऱ्याच्या छत्रीजवळ सकाळी सकाळी नटूनथटून उभ्या असलेल्या मुली बघितल्या की खरंच छान वाटतं. पण गेल्या वर्षी आमच्या घरात जे झालं त्यामुळे हे पत्र लिहिते आहे.

माझ्या भाचीने भाड्याची नऊवारी आणून असा एक फोटो काढून घेतला. तिने नाक अगदी माझ्या पणजीचं घेतलंय. तो फोटो घरच्या ग्रुपवर फिरला, तिथून नातेवाईकांच्या ग्रुपवर गेला, कोणीतरी खाली "आपली पणजी" असं लिहिलं, आणि चार महिन्यांनी एका मंडळाच्या स्मरणिकेत तोच फोटो पणजीच्या नावाने छापून आला! पणजीचा खरा फोटो, ज्याच्या मागे पेन्सिलने १९१८ आणि मोडीत दोन ओळी लिहिल्यात, तो आमच्या ट्रंकेतच पडून. मला खूप वाईट वाटलं, दोन रात्री झोप नाही लागली.

मग मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले आणि फरक दिसत गेला. सगळ्यात आधी कुंकू. पणजीच्या कपाळावरचं कुंकू काळं कुळकुळीत आहे आणि भाचीचं फिकट करडं. याचं कारण असं की त्या काळी कॅमेऱ्यात फिल्मऐवजी काचेच्या प्लेटा असायच्या, त्यांना लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही, त्यामुळे लाल ते काळं यायचं आणि निळं ते पांढरं. लाल काठ, लाल चोळी सगळं गडद. चेहराही जरा सावळा आणि बारीक डागांसकट येतो. आज मोबाईलवर नुसता तपकिरी फिल्टर मारला की हे होत नाही. आधी फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, त्यात लाल रंग गडद करायचा आणि निळा उजळ करायचा, बहुतेक अॅपमध्ये ही सोय असते, फरक लगेच दिसेल.

आणि जुनं म्हणजे सगळं तपकिरीच हेही खरं नाही हो. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर फोटो छापायचे त्या काळी ते तपकिरी दिसायचे आणि काळाने पिवळे पडले. नंतर सेपिया, म्हणजे मुद्दाम तपकिरी, करायचे तो फोटो टिकावा म्हणून, त्यात फोटोतल्या चांदीचं सल्फाइड बनतं. पण माझ्या आईच्या लग्नातले, १९५०च्या सुमाराचे ब्रोमाइड कागदावरचे फोटो स्वच्छ काळे-पांढरे आहेत. आईच्या काळातलं लुगडं नेसून पणजीच्या काळातला रंग दिला तर ते ना इकडचं ना तिकडचं.

कपड्यांचंही तेच. तयार शिवलेली नऊवारी पँटीसारखी चढवता येते, सोय आहे, मी नावं ठेवत नाही, पण तिचा काष्टा आणि निऱ्या कधीच नेसलेल्या लुगड्यासारख्या पडत नाहीत आणि फोटोत ते पटकन कळतं. घरातल्या एखाद्या काकूकडून नेसवून घ्या, दहा मिनिटं लागतात. आमच्या ट्रंकेतल्या एकाही बाईच्या कपाळावर चंद्रकोर नाही, सगळ्यांचं मेणावरचं गोल कुंकू. पणजोबा धोतरावर कोट, खांद्यावर उपरणं आणि डोक्यावर पगडी घालून बसलेत, आजचा भगवा रेडिमेड फेटा त्यात कुठेच नाही. म्हणून म्हणते, दुकानात जायच्या आधी आपली ट्रंक उघडा.

बसायची पद्धत पण बघा. तेव्हा सेकंद-सेकंदभर हलायचं नाही, जुन्या स्टुडिओत तर मानेमागे लोखंडी आधार लावायचे, मग हसू कुठून येणार? उत्तरेकडची खिडकी, एका बाजूने येणारा मऊ उजेड, मागे साधी करडी चादर, पाठ ताठ आणि हात मांडीवर. एवढं केलं तर फ्लॅशची गरजच नाही.

२०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या ३००व्या जयंतीला शाळेतल्या किती मुली पांढरी साडी नेसून हातात शिवलिंग घेऊन बसल्या होत्या, इतक्या गोड दिसत होत्या. पण बऱ्याच जणांनी त्यांचे फोटो पण जुन्या तपकिरी छापाचे करून टाकले. अहिल्याबाई १७९५ मध्ये गेल्या आणि फोटोची कला जगासमोर आली १८३९ मध्ये. त्यांचा जुना फोटो असूच शकत नाही, तिथे चित्रासारखं रंगीत करावं, पोरांनाही कारण सांगावं.

आपलं शहर तर या कलेचं घरच आहे. नामवंत फोटोग्राफर लाला दीनदयाळ १८६६ मध्ये सरकारी नोकरीसाठी इंदूरला आले, इथेच त्यांनी कॅमेरा हातात घेतला आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना पाठबळ दिलं. पुढे दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी एकाच फ्रेंच चित्रकाराकडून स्वतःचं एक चित्र विलायती सुटाबुटात आणि दुसरं मराठा पोशाखात करून घेतलं. म्हणजे पोशाख निवडून चित्रासाठी बसणं ही इथली जुनीच हौस, त्यात खोटं काही नाही. फक्त कधी काढलं ते कळायला हवं.

तेव्हा माझी विनंती दोन. जे असे फोटो काढून देतात त्यांनी प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलने नाव, गाव, आजची तारीख लिहून द्यावी, मोबाईलवर पाठवताना खालच्या कोपऱ्यात वर्ष टाकावं. आणि आपल्या वर्तमानपत्राने आठवड्याला एक खरा जुना फोटो छापावा, इथल्या मराठी घरांतला, कोण, कुठे, काय नेसलंय एवढ्या माहितीसकट. पहिला फोटो मी द्यायला तयार आहे, मागच्या मोडीच्या ओळी वाचणारं कोणी असेल तर त्यांनी आपल्यामार्फत जरूर कळवावं.

आपली नियमित वाचक,
रामबाग, इंदूर