मिठीकाठच्या घरांतला काळा गाळ काढायला हातभार लावा

सप्रेम नमस्कार.

कुर्ला पश्चिमेच्या क्रांतीनगर, संदेशनगर, बैलबाजार या मिठी नदीच्या काठच्या वस्त्यांतल्या आम्हा रहिवाशांचं हे आवाहन आहे. पूर आला की मुंबईकर धावून येतात, हे आम्ही प्रत्येक वेळी पाहिलंय. खिचडी, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, कपडे, सगळं पोचतं. त्याबद्दल आम्ही मनापासून ऋणी आहोत. या वेळी मात्र वेगळं काही मागतोय. पाणी ओसरल्यावर घरात जे मागे राहतं, ते काढायला मदत हवी आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठीचं नाव देशभर झालं. आमच्याकडे ती त्यानंतरही येतच राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये पातळी ३.९ मीटरवर गेली आणि क्रांतीनगरातल्या सुमारे ३५० लोकांना पालिकेच्या शाळेत हलवावं लागलं. माणसं वाचली, पण दुसऱ्या दिवशी ती परतली त्याच खोल्यांत.

विहार-पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत मिठी जेमतेम १८ किलोमीटर वाहते. तेवढ्या वाटेत तिच्यात मैला, कारखान्यांचं पाणी, भंगारातलं तेल, रसायनांची पिंपं धुतलेलं पाणी असं सगळं मिसळतं. नदी चढली की हेच मोरीतून उलटं घरात येतं. पाणी उतरलेल्या खोलीत चपलेला चिकटतो तो काळा, तुळतुळीत, रॉकेलसारख्या वासाचा गाळ. फडकं मारलं की पसरतो, बालदीभर पाणी ओतलं की त्यावर रंगीत तवंग येतो. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला तेलाची रेघ उमटते. चुना मारला तरी ती पुन्हा वर येते. कापसाची गादी तर उन्हात कितीही वाळवा, वास जात नाही. पण दुसरी घ्यायला पैसे नसतात, म्हणून तिच्यावरच लेकरं झोपतात.

लेप्टोची, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती आता सगळ्यांना ठाऊक आहे. पुराच्या पाण्यातून चाललात तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्या, हे पालिका दरवर्षी सांगते. तेल, रंग, शिसं यांच्यापासून मात्र अशी गोळी वाचवत नाही. ब्लीचिंग पावडरने जंतू मरतात, शिसं तिथेच राहतं. गाळ वाळला की झाडूबरोबर त्याची धूळ उडते. रांगणारं मूल लादीवर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. शिसं लहान मुलांच्या अंगात मोठ्यांपेक्षा जास्त भिनतं आणि मेंदूच्या वाढीला बाधतं. म्हणून गाळ ओला असतानाच काढायला हवा, आणि हातमोजे घालूनच. आज आमच्या बायाबापड्या तो उघड्या हातांनी घमेल्यात भरतात.

आम्हाला हवेत ते गुडघ्यापर्यंतचे गमबूट, जाड रबरी हातमोजे, मास्क, फावडी, घमेली, कपडे धुण्याची भरपूर पावडर, घासायचे ब्रश आणि गाळ भरायला जाड पिशव्या. धान्य आणि मुलांची दप्तरं पोटमाळ्यावर ठेवायला घट्ट झाकणाचे डबे हवेत. आणि सगळ्यात जास्त गरज आहे ती नव्या गाद्यांची. जुन्या गाद्या, वापरलेले कपडे कृपया पाठवू नका, ठेवायला कोरडी जागाच नसते. ॲसिडच्या बाटल्याही नकोत. घाईत कुणी ते ब्लीचिंगमध्ये मिसळलं तर निघणारा विषारी वायू दहा बाय बाराच्या खोलीत जीव घेऊ शकतो.

रसायनशास्त्राचे प्राध्यापक, प्रयोगशाळांत काम करणारे यांना खास विनंती आहे. घराघरातला गाळ तपासून द्या. पंचनाम्यात भिजलेला टीव्ही लिहिला जातो, लादीवर काय साचलंय ते कुणी लिहीत नाही. तपासणीचा कागद हातात असला तर पालिकेकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आम्हाला नेमकं मागता येईल. बालरोगतज्ज्ञांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाच्या तपासणीसाठी शिबिर घेतलं तर फार मोठं काम होईल.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पिंपं धुणारे, भंगार फोडणारे हात आमच्याच गल्ल्यांतले आहेत. दिवसभर ते त्याच तेलात राबतात आणि पुराच्या रात्री तेच तेल त्यांच्या घरात शिरतं. त्यांच्यावर बोट ठेवून आम्हाला मदत नको. त्यांनाही हातमोजे आणि बूट मिळायला हवेत, आणि तेही पावसाची वाट न बघता.

सामान आणण्याआधी आमच्या वस्तीतल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांशी बोलून घ्या, म्हणजे एकच वस्तू दहा ठिकाणांहून येणार नाही. पैसे दिलेत तर पावती जरूर घ्या. कोणत्या गल्लीत काय वाटलं त्याची वही मंडळात कुणालाही पाहता येईल. सामान मे अखेरपर्यंत पोचलं तर पहिल्या मोठ्या पावसाआधी ते घरोघरी देता येईल.

आपले नम्र,
मिठीकाठचे रहिवासी