तिघांतली तिसरी ओळ

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर बोलता बोलता तू थांबलीस आणि "बाबा, आमचा ट्रिओ संपला" एवढंच म्हणालीस. व्हायोलिनवाल्या मैत्रिणीला ऑर्केस्ट्रात कायमची नोकरी लागली, ती पुढच्या महिन्यात जाणार, हे मागाहून आईने सांगितलं. त्या क्षणी मला काही सुचलं नाही, म्हणून आज सवडीने लिहायला बसलोय.

आधी एक जुनं वाक्य परत घ्यायचंय. तू पहिल्यांदा या ट्रिओबद्दल सांगितलंस तेव्हा मी म्हणालो होतो, "तिघांत वाजवण्यापेक्षा एकटीचं नाव कर." तीस वर्षं मी भजनी मंडळात पेटीची साथ केली. साथीदाराला चहा सगळ्यात शेवटी मिळतो, नाव तर कोणी विचारतच नाही. ते तुझ्या वाट्याला येऊ नये असं वाटायचं. पण तुझं हे क्षेत्र समजून घ्यावं म्हणून गेले काही महिने मी बोझार ट्रिओ या नावाजलेल्या त्रिकुटाची रेकॉर्डिंग्ज ऐकतोय, त्या माणसांबद्दल मिळेल ते वाचतोय. आता ते वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही.

पियानोवर मेनाहेम प्रेसलर, व्हायोलिनवर डॅनियल गिले आणि चेलोवर बर्नार्ड ग्रीनहाउस. १३ जुलै १९५५ ला अमेरिकेत टँगलवूडच्या महोत्सवात हे तिघे पहिल्यांदा जाहीर वाजवायला बसले. गिले छप्पन्न वर्षांचे, ग्रीनहाउस एकोणचाळीसचे, प्रेसलर एकतीसचे. गिले रशियात जन्मले, पॅरिसमध्ये वाढले आणि संगीतसंचालक टोस्कानिनींच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवर बसले. म्हणजे हा पोरांनी कॉलेजात जमवलेला कंपू नव्हता. तिघेही आपापलं आयुष्य निम्मंशिम्मं जगून तिथे आले होते.

प्रेसलर जर्मनीतल्या माग्डेबुर्गचे. वडिलांचं कपड्यांचं दुकान. १९३८ च्या नोव्हेंबरात नाझींनी ज्यूंची दुकानं फोडली, त्यात यांचंही फुटलं. त्या दिवसांत ज्यू मुलाला शिकवणं धोक्याचं होतं, तरी एका चर्चमधला ऑर्गनवादक त्यांना शिकवत राहिला. पुढच्या वर्षी कुटुंब इटलीला निसटलं आणि तिथून पॅलेस्टाइनला. मागे राहिलेले आजी-आजोबा, काका, आत्या छळछावण्यांत गेले. पॅलेस्टाइनला पोचल्यावर या मुलाला अन्नच जाईना, अंगातली ताकद गेली. एकदा शिक्षकासमोर बीथोव्हनचा ओपस ११० सोनाटा वाजवताना तो बेशुद्ध पडला. तो सोनाटा तू मला ऐकवला होतास, आठवतं? शेवटाकडे तो शोक येतो, मग एकाच धूनमागे तीच धून धावणारी फ्यूग, मग पुन्हा शोक, दुसऱ्या वेळी मधे मधे श्वास तुटल्यासारखा. मी आता तो ऐकायला लागलो की तो उपाशी पोरगाच समोर येतो.

त्या ऑर्गनवादकाने आणखी एक केलं. इटलीत अडकलेल्या आपल्या विद्यार्थ्याला त्याने फ्रेंच संगीतकार डेब्यूसीच्या एका रचनेची नोटेशनं टपालाने पाठवली. १९४६ साली सॅन फ्रान्सिस्कोत डेब्यूसीच्या नावाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, ती प्रेसलरांनी जिंकली. टपालाने आलेले ते कागद मला त्या बक्षिसाहून मोठे वाटतात.

पण तुला सांगायचंय ते ग्रीनहाउस यांच्याबद्दल. तू चेलोवाली, म्हणूनही.

युद्धात ते अमेरिकन नौदलात होते. युद्ध संपल्यावर फ्रान्समधल्या प्राद गावी थोर चेलोवादक पाब्लो कसाल्सना शोधत गेले. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीमुळे कसाल्स मायदेश स्पेन सोडून तिथे राहत होते. ऐकेन म्हणाले, पण आधी स्पॅनिश निर्वासितांसाठी शंभर डॉलर द्यायचे. मग शिकवणी लागली ती बाखच्या एकट्या चेलोसाठीच्या डी मायनर सूटची, म्हणजे नृत्यमालिकेची. प्रत्येक बोट कसाल्सचं, गजाची प्रत्येक ओढ कसाल्सची, जराही फरक चालायचा नाही. कित्येक आठवडे असंच. ग्रीनहाउस हुबेहूब वाजवायला लागले तेव्हा कसाल्स म्हणाले, चेलो ठेव आणि ऐक. आणि तोच सूट त्यांनी वाजवला, बोटं वेगळी, गज वेगळा, सगळं निराळं, आणि तितकंच सुंदर. वाजवून झाल्यावर सांगितलं, यापुढे बाखचा अभ्यास असा करायचा.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून गच्चीवर गेलो. आपल्याकडेही शिष्य आधी गुरूचा आवाज गळ्यावर चढवतो, मग एक दिवस गुरूच त्याला हात सोडून चाल म्हणतो. माझ्या वाट्याला असा गुरू आला नाही. ग्रीनहाउसना मिळाला. शिवाय त्यांच्याकडे स्ट्रॅडिव्हरीने १७०७ साली घडवलेला, कधीकाळी व्हायोलिनवादक पागानिनीच्या मालकीचा असलेला चेलो होता. असा माणूस एकल कार्यक्रम करत जगभर फिरला असता.

त्याऐवजी ते बत्तीस वर्षं ट्रिओत बसले. आणि ट्रिओत वाजवलं काय, तर हायडनसुद्धा! हायडनने या तीन वाद्यांसाठी लिहिलेले त्रेचाळीस ट्रिओ त्यांनी रेकॉर्ड केले, ग्रामोफोन मासिकाने तो संच वर्षातलं सर्वोत्तम रेकॉर्डिंग म्हणून निवडला. तुला माहीत आहेच, त्यातला चेलो बहुतेक वेळ पियानोच्या डाव्या हाताचे सूरच पुन्हा वाजवतो. हायडनच्या काळच्या पियानोचा खर्ज पातळ असायचा आणि लगेच विरायचा, म्हणून चेलोने खालून धरायचं. आताच्या पियानोला खर्जाची ददात नाही. मग चेलो कशाला, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला होता.

परवा रात्री मी हेडफोन लावून हायडनचाच जी मेजरचा तो जिप्सी रोंडोवाला ट्रिओ लावला. फक्त चेलो शोधायचा असं ठरवून. पहिल्या वेळी सापडला नाही. दुसऱ्या वेळीही नाही. तिसऱ्यांदा संथ भागात कळलं. पियानोचा सूर हातोडी पडताक्षणी विरायला लागतो, पण इथे खालचा सूर विरत नव्हता, तो चालत होता. पियानोच गातोय असं वाटत होतं, आणि त्याला गायला लावणारा गज ग्रीनहाउस यांचा होता. तंबोरा वेगळा ऐकू येत नाही, पण खाली ठेवला की गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन जाते, तसं. इतकी वर्षं पेटी वाजवून मला हे आत्ता कळलं, आणि खरं सांगू, डोळे भरून आले.

आता तुझ्या मैत्रिणीचं. १९६८ साली गिले ट्रिओतून बाहेर पडले. त्यांच्या जागी इसिडोर कोहेन आले. हे मूळचे डॉक्टरकीच्या वाटेवरचे, युद्धानंतर पुरते व्हायोलिनकडे वळले, ज्युलियर्ड क्वार्टेट या चौघांच्या संचात दुसरं व्हायोलिन वाजवायचे. ज्या हायडनबद्दल लिहिलं तो यांच्याबरोबरचा. म्हणजे पहिला व्हायोलिनवाला गेला नसता तर ते रेकॉर्डिंग, निदान तसं, झालंच नसतं. १९८७ ला ग्रीनहाउस निवृत्त झाले, पीटर वायली आले. पुढे आयडा कवाफियान, यंग उक किम, ब्राझीलचे आंतोनियो मेनेसिस, शेवटी डॅनियल होप. २००८ मध्ये ल्युसर्नला शेवटचा कार्यक्रम झाला तेव्हा पहिल्या तिघांतले एकटे प्रेसलर पियानोपाशी होते. त्रेपन्न वर्षं! प्रत्येक नव्या माणसाबरोबर जुन्याच रचना पुन्हा मुळापासून बसवायच्या, श्वास कुठे घ्यायचा तेही नव्याने ठरवायचं. आणि थांबले तेव्हाही ते संपले नव्हते. इंडियाना विद्यापीठात एका सत्रापुरते म्हणून गेले होते, तिथे सहा दशकं शिकवलं. नव्वदीत पहिल्यांदा बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर वाजवलं. २०२३ साली गेले, नव्याण्णव वर्षांचे होऊन.

मैत्रिणीवर रागावू नकोस. कायमच्या नोकरीची किंमत आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या शेवटच्या कार्यक्रमाला चांगली तयारी करून जा. आणि एकल अभ्यासक्रमाचा अर्ज भरायचा असेल तर जरूर भर, फक्त या आठवड्यात भरू नकोस. रडून झाल्यावर भर. पैशाची काळजी करू नकोस, तुझं हे वर्ष निघेल इतकी तजवीज आहे.

हॉलच्या लादीवर तुझ्या चेलोच्या सळईने पडलेला तो बारीक खड्डा अजून तसाच आहे. रंगारी परवा भरायला निघाला होता, आईने अडवलं.

येत्या रविवारी फोन करशील तेव्हा एक कर. हायडनचा तो संथ भाग काढ आणि फक्त तुझी ओळ वाजव, बाकीच्या दोघी नसल्या तरी चालेल. मी इथे पेटी घेऊन बसतो.

तुझा,
बाबा