धूम्रपान सोडताना सोबत केलेल्यांचे आभार

धूम्रपान सोडण्याच्या काळात ज्यांनी मला सांभाळून घेतले, त्यांना आपले नाव लिहिलेले आवडणार नाही, म्हणून नावे न घेताच हे आभार मानत आहे.

निकोटीन बंद केल्यावर पहिल्या 2-3 दिवसांत त्रास सर्वाधिक असतो आणि पुढे साधारण 2 ते 4 आठवड्यांत तो ओसरत जातो, हे मी वाचले होते. मात्र चिडचिड, उडालेली झोप आणि कशातच लक्ष न लागणे यांच्या पाठोपाठ एखादे जवळचे माणूस दुरावल्यासारखी उदासी येईल, याची कल्पना नव्हती. ती उदासी हसण्यावारी न नेता ऐकून घेणाऱ्या मैत्रिणीचे ऋण सर्वांत मोठे आहे. तलफेचा जोर बहुधा काही मिनिटांतच उतरतो, हे ठाऊक असल्याने ती अवेळीही फोन उचलून तेवढा वेळ इकडचे तिकडचे बोलत राही आणि उपदेश मात्र एकदाही करीत नसे (उपदेशकांची वानवा तशीही नव्हतीच).

निकोटीनचा च्युइंगगम सतत न चघळता मधूनमधून गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवायचा असतो, हे शांतपणे समजावणाऱ्या समुपदेशकांचे आणि माझे तुसडे बोलणे मनावर न घेणाऱ्या घरच्यांचेही मनःपूर्वक आभार.

एका सहकाऱ्याने माझ्यासमोर सिगारेट पेटवणेच बंद केले होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. त्याचीही सिगारेट सुटावी असे वाटते, पण ते मी त्याला सांगणार नाही.