समोरच्या टीमबद्दल मुलींना किती सांगायचं

विश्रामबाग, सांगली

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

कोल्हापूर शहराची शाळांच्या मुलींची फुटबॉल फायनल बघून आलो. विभागीय स्पर्धेत तुमच्या साताऱ्याच्या टीमच्या पुढ्यात येणारी, जिंकलेली टीम हीच. वही बरोबर नेली होती, दोन्ही हाफ लिहून काढले. ते सगळं खाली देतोय, पण यातलं निम्म्याहून जास्त तुझ्यापाशीच राहू दे. मुलींपर्यंत मोजक्या दोन-तीन गोष्टी पोचल्या तरी पुष्कळ झालं. समोरच्या टीमची तयारी करायची म्हणजे आपल्या मुलींना काय सांगायचं नाही हे आधी ठरवायचं, असं मला आयुष्यभर पी.टी. शिकवताना वाटत आलं. सोळा वर्षांच्या पोरीला मॅचच्या आदल्या दिवशी दहा सूचना दिल्या की दुसऱ्या दिवशी बॉल पायाशी आल्यावर ती आधी आठवत बसते, मग खेळते. तोवर बॉल दुसरीने नेलेला असतो.

त्यांची मांडणी साधी आहे. मागे बचावाला चार बॅक, मध्ये चार हाफ, पुढे दोघी फॉरवर्ड. खेळ मात्र सगळा उजव्या बाजूने चालतो, कारण तिथे सात नंबरची मुलगी आहे. पळायला जबरदस्त. बॉल उजव्या पायाने रेषेकडे पुढे ढकलते आणि त्याच्यामागे सुटते. डाव्या पायाने खेळताना ती मला दिसलीच नाही. आत वळायची वेळ आली की थांबते, बॉल पुन्हा उजव्या पायावर घेते, आणि तेवढ्यात तिचा सगळा वेग जातो.

एरवी आपण बॅकला शिकवतो की कडेने पळणाऱ्या विंगरला बाहेर, रेषेकडे ढकल. गोलकडे येऊ देऊ नकोस. हिच्यासाठी उलटं करावं लागेल. तुझ्या डाव्या बॅकने रेषेच्या बाजूला अर्धं पाऊल सरकून उभं राहायचं, बाहेरची वाट बंद करायची आणि आतली उघडी ठेवायची. आत तुझी हाफ आधीच येऊन थांबलेली पाहिजे, नाहीतर हा शहाणपणा अंगाशी येईल. म्हणून हे एकट्या बॅकला सांगून भागणार नाही, दोघींना एकत्र घेऊन शिकव. तुझी डावी बॅक मुळात खो-खोची खेळाडू. वळायला चपळ आहे, पण सवयीने झेप घेते. बॉल दिसला की पाय घालते, आणि एकदा पाय घातला की सात नंबर निघून गेली म्हणून समज. तिच्याकडून चार-पाच दिवस फक्त अडवून धरण्याचा सराव करून घे. अरुंद पट्टा आख, समोरून एकीला बॉल घेऊन येऊ दे. हिने बॉल काढायचाच नाही, अंग तिरकं ठेवून मागे सरकत राहायचं, दुसरी मदतीला येईपर्यंत. तिला सुरुवातीला हे भित्रेपणाचं वाटेल. तिला समजावून सांग की या मॅचमधलं सगळ्यात धीराचं काम तिच्याकडे आहे.

दुसरी गोष्ट त्यांचा थ्रो-इन, आणि मला जास्त काळजी त्याचीच वाटते. त्यांची उजवी बॅक अंगाने दणकट आहे, थ्रो थेट गोलच्या जवळच्या खांबापर्यंत टाकते. तिथे त्यांची उंच फॉरवर्ड उभी असते. ती डोक्याने बॉल मागे सोडते आणि दुसरी फॉरवर्ड धावत येऊन ढकलते. फायनलमधला पहिला गोल असाच झाला. हरलेल्या टीमच्या बॅक हात वर करून पुढे सरकल्या, फॉरवर्ड आपल्या मागे गोलकडे उरली की ऑफसाइड मिळेल म्हणून. थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो हे त्या पोरींना कुणी सांगितलंच नसावं. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नर या तिन्हींवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नाही. उंच मुलीने डोक्याने बॉल मागे दिला की तिथून नियम पुन्हा लागू होतो, हे खरं. पण इतका हिशोब त्या गर्दीत कुणी करत नाही आणि मुलींनी करायलाही जाऊ नये. त्यांना एवढंच सांग: थ्रो-इन दिसला की हात वर करायचा नाही, माणूस धरायचा. उंच मुलीच्या पुढे एक, मागे एक. दुसऱ्या फॉरवर्डबरोबर तिसरी, आणि तिने बॉलकडे नाही, त्या मुलीकडे बघायचं.

आणखी एक. आपल्या गोलजवळ त्या बाजूला बॉल बाहेर मारायचा नाही. सगळ्या शाळांत मुलींना घोकवलेलं असतं, अडचण आली की मार बाहेर. या टीमविरुद्ध बाहेर मारणं म्हणजे त्यांच्या हातात कॉर्नर देण्यासारखंच आहे. पुढे मारा, मधल्या रेषेपलीकडे मारा. तुझ्या टीममध्ये इतका लांब थ्रो कुणी टाकत नसेल तर तू स्वतः रेषेच्या चार पावलं आत उभी राहून टाक. रोज सरावाच्या शेवटी तेवढंच घे, मुली कंटाळल्या तरी घे.

आता आपल्याला कुठे वाव आहे ते. हल्ला चालू असताना त्यांच्या चारही बॅक मधल्या रेषेपर्यंत वर येतात आणि गोलकीपर मात्र गोलच्या रेषेवरच खिळून राहते. मध्ये अख्खं रान मोकळं. तुझी नऊ नंबर वेगाला चांगली आहे. तिला फक्त एवढं शिकव की धाव आपल्या हाफमधून सुरू करायची. बॉल सुटला त्या क्षणी ती आपल्या हाफमध्ये असेल तर ऑफसाइड होऊच शकत नाही, मग त्यांच्या बॅकच्या कितीही पुढे जाऊ दे. पास देणारीने मान वर करून बघायचं आणि बॉल बॅकच्या डोक्यावरून मागच्या मोकळ्या जागेत सोडायचा. इथे पाऊस लक्षात घे. तुमचं साताऱ्याचं मैदान मुरमाड, पाणी झिरपून जातं. मॅच सांगलीत, आणि इथली माती काळी, नदीकाठची. पावसानंतर बुटांच्या स्टडना चिकटून पाय जड करते आणि सखल जागी पाणी साचून बॉल तिथेच अडकतो. मागच्या बाजूला गोलकीपरला द्यायचे छोटे पास त्या दिवशी पूर्ण बंद ठेव. मॅचच्या आधी मुलींना मैदानाच्या चारही कोपऱ्यांत चालवून आण, पाणी कुठे आहे ते त्यांचं त्यांना कळू दे.

हे झालं सांगायचं. तुझ्यापाशी ठेवायचं ते असं: त्यांची गोलकीपर बुटकी आहे आणि उंच बॉलला हात पोचत नाही. गोलचा दांडा २.४४ मीटरवर असतो, त्या वयाच्या बहुतेक मुलींना तो उंचच पडतो. पण हे तू टीमला सांगितलंस तर प्रत्येक जण मिळेल तिथून गोलवर मारत सुटेल आणि तू बसवलेला पास-पासचा खेळ विस्कटेल. फक्त फ्री-किक मारणाऱ्या मुलीच्या कानात सांग. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांच्या मधल्या दोघी हाफ दमतात, परत येत नाहीत. हेही हाफ-टाइमपर्यंत बोलू नकोस. आधी सांगितलं तर मुली त्या दहा मिनिटांची वाट बघत खेळतील.

सरावात माझ्या मते सगळ्यात उपयोगी काम तुझ्या राखीव मुली करतील. त्यांना कोल्हापूर कर. वेगळ्या रंगाचे टी-शर्ट दे, एकीला सात नंबर, एकीला उंच फॉरवर्ड, आणि त्यांना हुबेहूब तसं खेळायला लाव. बाकावर बसणाऱ्या पोरींना आपण एरवी बॉल गोळा करायला ठेवतो, ते मला कधीच पटलं नाही. समोरच्या टीमची भूमिका केलेली मुलगी ती टीम आतून ओळखते, आणि मॅचमध्ये बदली म्हणून उतरवायची वेळ आली तर तिला फार सांगावं लागत नाही.

कोल्हापूर या नावाचंही थोडं बोललं पाहिजे. तुझ्या मुली ते नाव ऐकून गप्प होतात असं तू फोनवर म्हणालीस. साहजिक आहे. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या टीम शाहू स्टेडियमवर खेळतात तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. तिथला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. हा मान त्यांनी कमावलेला आहे, तो नाकारायचं कारण नाही. पण त्या शाळेच्या मुली काही पेठांच्या त्या टीममध्ये खेळत नाहीत. त्याही तुझ्या मुलींसारख्याच संध्याकाळी शाळा सुटल्यावर सराव करतात, घरून परवानगी काढून येतात. आणि दमाच्या बाबतीत साताऱ्याच्या मुलींनी कुणाला घाबरावं? माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या फायनलला धावली. तुझ्या निम्म्या मुली तसल्याच गावांतून येतात.

एकदा पहिल्या मॅचमध्ये आपटी खाऊन मग तीच टीम कशी हरवायची, याचं उदाहरण हवं असेल तर १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांचं सांग. भारत सुरुवातीला दक्षिण कोरियाकडून दोन-शून्य हरला आणि फायनलमध्ये त्याच कोरियाला दोन-एक हरवून सुवर्णपदक घेऊन आला. कोच सय्यद अब्दुल रहीम, पेशाने तुझ्यासारखेच शिक्षक. जर्नेल सिंग हा स्टॉपर, त्याच्या डोक्याला आधीच्या मॅचमध्ये टाके पडलेले. रहीमनी त्याला मागून काढून फॉरवर्डला खेळवलं आणि फायनलमधला एक गोल त्याने केला. गोष्ट सांग, पण टाक्यांचा भाग मुलींना शौर्य म्हणून सांगू नकोस. तुझ्या मुलीच्या डोक्याला मार बसला, तिला गरगरलं किंवा ती भांबावल्यासारखी बोलली, तर तिला बाहेर काढ आणि त्या दिवशी परत उतरवू नकोस, मग ती कितीही रडो आणि स्कोअर काहीही असो. डॉक्टरला दाखव. याबाबतीत मी कधीच कुणाचं ऐकलं नाही, तूही ऐकू नकोस.

शेवटच्या दोन दिवसांत काम कमी कर. आदल्या दिवशी अर्धा-पाऊण तास, हलकं पळणं, थ्रो-इन, पेनल्टी, बस. टायब्रेकरची यादी आधीच करून ठेव, आणि नावं तू निवडण्याआधी कोण मारायला तयार आहे ते विचार. जी स्वतःहून हात वर करते ती जास्त विश्वासाची, जरी सरावात तिची एखादी पेनल्टी हुकत असली तरी. खाण्याचं म्हणशील तर मॅचच्या तीन तास आधी पोळी-भाजी किंवा भात, मग जवळ केळी आणि गूळ-शेंगदाणे. हायवेवर वडापावला थांबायचं ते परत येताना. ज्या मुलींची पाळी त्या दिवसांत येणार असेल त्यांना तुझ्या पिशवीत सगळं आहे हे आधीच माहीत असू दे. एखादी पोर तेवढ्या संकोचाने मॅच सोडते, हे मी आईकडून ऐकलंय.

मी मैदानावर येईन. तुझ्या बाकाजवळ उभा राहणार नाही, पलीकडच्या बाजूला असेन. मुलींनी एकाच माणसाचा आवाज ऐकायला हवा आणि तो तुझा.

तुझे,
बाबा

ता. क. वयाचे दाखले आणि ओळखपत्रं मूळ प्रतींसह एका फाइलमध्ये घाल आणि ती फाइल मुलींकडे न देता स्वतःजवळ ठेव. नडगीवर बांधायचे शिनपॅड प्रत्येकीचे स्वतःचे आहेत ना, ते आजच बघ. त्याशिवाय पंच मैदानात उतरू देणार नाहीत. दोन जोड जास्तीचे मी इथून घेऊन येतो, मोज्यांसह.